खून, चॉकलेट आणि एक निवांत संध्याकाळ

वाढदिवसाला काय द्यावे, या सनातन प्रश्नाला बाजाराने अलीकडे एक नवे उत्तर काढले आहे. पुठ्ठ्याची देखणी पेटी. आत एक रहस्यकादंबरी, चहा किंवा कॉफीच्या पुड्या, चारदोन चॉकलेटे, थोडी बिस्किटे. गुप्तहेराने खुन्याचा माग काढायचा आणि आपण पाय वर घेऊन घोट घेत बसायचे, अशी ही योजना.

पुस्तक खपत नाही म्हणून खाऊची लाच, असे कोणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार वाचता वाचता घरोघरी किती शेंगदाणे फस्त झाले, याचा हिशेब कोणाकडेच नाही. वाचनालयातल्या त्या पुस्तकांवर तेलकट बोटांचे ठसे एखाद्या नवशिक्या फौजदारालाही सापडले असते. पेटी भरणाऱ्याने खाऊ आधी आणि पुस्तक शेवटी, हाताला लागेल ते, असे मात्र करू नये. आणखी एक सावधगिरी बाळगावी. अँथनी बर्कली या इंग्रज लेखकाच्या १९२९ सालच्या कादंबरीत एकाला टपालाने चॉकलेटांची पेटी येते, तो ती दुसऱ्याला देऊन टाकतो आणि जीव जातो तिसऱ्याच माणसाचा! अगाथा ख्रिस्तीबाई तर पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधालयात काम केलेल्या. त्यांच्या कथेतला कॉफीचा कप जपूनच उचललेला बरा.

ही पेटीची कल्पना एका अख्ख्या देशाने फार पूर्वीच अंगीकारली आहे. २४ मार्च १९२३ रोजी, ईस्टरच्या आठ दिवस आधीच्या शनिवारी, नॉर्वेतल्या ‘आफ्टनपोस्टन’ या दैनिकाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरे झळकली : बर्गनची गाडी काल रात्री लुटली. लोक हादरले. वास्तविक ते एका नव्या कादंबरीचे नाव होते आणि छापली होती तिची जाहिरात. नुर्दाल ग्रीग आणि निल्स ली या दोन तरुणांनी टोपणनावाने ती लिहिली होती. तेव्हापासून ईस्टर आला की नॉर्वेत गुन्हेगारी कादंबऱ्यांचे ढीग लागतात, नभोवाणीवर खुनाच्या मालिका सुरू होतात, दुधाच्या खोक्यांवरदेखील रहस्यकथा छापून येतात. जोडीला संत्री आणि वेफरचे एक ठरलेले चॉकलेट हवेच.

यातले मर्म संत्र्यात नाही, सुटीत आहे. गुरुवारपासून सोमवारपर्यंत, मधला शनिवार सोडला तर, बहुतेक दुकाने आणि कचेऱ्या बंद. माणसे डोंगरातल्या लाकडी घरात जाऊन बसतात आणि भरदुपारी पुस्तक उघडले, तर ‘काही काम नाही का?’ असे कोणी विचारीत नाही. वाचायला लागणारा वेळ तिथे सगळ्यांनी मिळून मोकळा केलेला असतो.

आपल्याकडेही अशी पेटी आहे. तिला आपण दिवाळी म्हणतो. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून फराळाचे ताट आणि अंक ही जोडी जमली. एका हातात चकली, दुसऱ्या हातात रहस्यकथा. पण ती चकली पाडणारी बाई अजूनही बऱ्याच घरांत स्वयंपाकघरातच असते. घाणा उतरायचा, पाहुण्यांना चहा द्यायचा, भांडी आवरायची. अंक तिच्या हाती पडतो तो तुळशीचे लग्न लागल्यावर, कोपरे दुमडलेला. तोपर्यंत जेवणाच्या पंगतीत खुनी कोण हे धाकट्याने जाहीर करून टाकलेले असते!

तेव्हा ही नवी पेटी कोणाला द्यायचीच असेल, तर प्रथम आईला, वहिनीला, आत्याला द्यावी. चॉकलेटे थोडी कमी घातली तरी चालतील. त्याऐवजी आत एक चिठ्ठी असावी : आज संध्याकाळचा स्वयंपाक आमच्याकडे, दारावरची घंटाही आम्हीच पाहू. चहाच्या पुड्या घातल्या असतील तर पाणीही तुम्हीच उकळा, कप तिच्या हाताशी नेऊन ठेवा आणि दार ओढून घ्या. पुस्तक तुम्ही आधी वाचलेले असेल, तर शेवटचे पान येईपर्यंत तोंड बंद ठेवा.