नातं किती वर्षांनी ‘लाँग टर्म’ होतं?

“डॉक्टर, आमचं तीन वर्षांपासून आहे. म्हणजे लाँग टर्मच ना?” असं तरुण मुलं-मुली दवाखान्यातही विचारतात. मनातला प्रश्न बहुधा वेगळाच असतो: सुरुवातीसारखी धडधड आता होत नाही, मग प्रेम आटलं का?

तसं समजायचं कारण नाही. इटलीतल्या पिसा विद्यापीठात डोनातेला मराझिती यांनी 1999 मध्ये नुकत्याच प्रेमात पडलेल्या 20 जणांचं रक्त तपासलं. सेरोटोनिन या रसायनाची ने-आण करणारं प्रथिन त्यांच्यात कमी आढळलं, अगदी मंत्रचळाच्या (ओसीडी) रुग्णांसारखं. काही जणांना 12 ते 18 महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा ते प्रमाण सर्वसाधारण झालं होतं. अभ्यास लहान आहे, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण वेड ओसरणं हा आजार नाही, एवढं समजायला तो पुरतो.

कायद्यानेही आकडा दिलेला नाही. लिव्ह-इनला लग्नासारखं नातं कधी मानायचं, हे सांगताना सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये बऱ्यापैकी काळ एकत्र राहण्याची अट घातली. वर्षं सांगितली नाहीत.

मला विचाराल तर मी वर्षं मोजत नाही. मी एकच विचारतो, तुमचा आजार जोडीदाराला माहीत आहे का?

फिट्सचंच घ्या. पाच-पाच वर्षांचं नातं, साखरपुडा ठरलेला, आणि गोळ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात! भीती मी समजू शकतो. अपस्मार हिंदू विवाह कायद्यातल्या अटींमधून 1999 मध्येच वगळला गेला, आपल्या घरांमधून अजून नाही. (मुलाच्या फिट्स लपवणाऱ्या आईवडिलांना मात्र कोणी नावं ठेवत नाही.) पण लपवण्याची किंमत शरीर मोजतं. लग्नानंतर गोळ्या चोरून घ्यायच्या म्हणजे त्या चुकणार, आणि गोळी चुकली की फिट येणार. व्हॅल्प्रोएटसारखं औषध गरोदरपणात चालू राहिलं तर बाळात व्यंगाचा आणि बौद्धिक वाढ मंदावण्याचा धोका वाढतो. ते बदलायचं तर दिवस राहण्याआधी, डॉक्टरांच्या सल्ल्याने. स्वतःहून बंद करून नव्हे. जोडीदाराला काहीच ठाऊक नसेल, तर हे नियोजन कोणासोबत करणार?

म्हणून अशा जोडप्यांना मी सांगतो, पुढच्या तपासणीला दोघं या. फिट आली की काय करायचं, ते जोडीदाराला दहा मिनिटांत शिकवता येतं. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन करा.