कापूस आफ्रिकेचा, कापड कोणाचे?



'फॅशन' हा शब्द निघाला की आपल्या बैठकीत लोक हसतात. शहरातल्या पोरापोरींचे चोचले, त्यांचा आपल्या पऱ्हाटीशी काय संबंध, असे वाटते. संबंध काय तो हिशोबानेच पाहू. एक क्विंटल कापूस जिनात गेला की ३३-३४ किलो रुई निघते, बाकीची सरकी. सुतातली घट आणि कापडाच्या चिंध्या सोडल्या तरी तेवढ्या रुईचे शंभराच्या आसपास सदरे होतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. हा भाव खरोखर पदरात पडला असे धरले तरी एका सदऱ्यामागे कापूस पिकवणाऱ्याला मिळाले ऐंशी रुपये. तेही सरकीसकट आणि खर्च वजा न करता. तो सदरा दुकानात हजाराला जातो. त्यावर नामवंताच्या नावाची पट्टी लागली की दहा हजारालाही जातो.

या अंतरात कातणाऱ्याची, विणणाऱ्याची, रंगवणाऱ्याची, शिवणाऱ्याची मजुरी आहे आणि नावाची किंमतही आहे. हे सगळे कोणाच्या मुलखात होते आणि त्यातले किती मागे शेतापर्यंत पोचते, हा म्हणून शेतकऱ्याचा प्रश्न आहे. आज हा प्रश्न सर्वांत ठळकपणे दिसतो तो आफ्रिका खंडात. त्या खंडाची कथा आपण नीट ऐकण्यासारखी आहे.

आफ्रिकेतल्या ५४ देशांपैकी ३७ देशांत कापूस पिकतो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले माली, बुर्किना फासो, बेनिन आणि चाड हे चार देश तर कापसावरच उभे आहेत. तिथला कापूस जवळजवळ सगळा पावसाच्या भरवशावर येतो. शेजारी ज्वारी, बाजरी आणि मका. वेचणी हाताने. मालीच्या दक्षिण भागातल्या शेतकऱ्याला आपल्या यवतमाळच्या किंवा परभणीच्या शिवारात आणून उभे केले तर पीक ओळखायला त्याला कोणाला विचारावे लागणार नाही.

अशा या खंडाचा हिशोब युनेस्कोने २०२३ साली एका अहवालात मांडला. आफ्रिका वर्षाला साडेपंधरा अब्ज डॉलरचे कापड, कपडे आणि पादत्राणे बाहेर विकते आणि तेवीस अब्ज डॉलरची बाहेरून विकत घेते. ज्यांच्याकडे कापूस आहे, ज्यांच्याकडे विणण्याची शेकडो वर्षांची परंपरा आहे, तेच कापडाचे गिऱ्हाईक बनून बसले आहेत.

हे कसब नसल्यामुळे झाले, असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. मालीचा ख्रिस सेदू याने चिखलाच्या रंगात काढलेले 'बोगोलान' हे गावठी कापड पॅरिसच्या फॅशनमध्ये नेले. नायजरच्या अल्फादी याने १९९८ साली वाळवंटात आफ्रिकी फॅशनचा आंतरराष्ट्रीय मेळा भरवला. बुर्किनातून आयव्हरी कोस्टला जाऊन शिवणकाम करणाऱ्या पाते-ओ याने शिवलेले सदरे नेल्सन मंडेलांनी अंगावर घातले. दक्षिण आफ्रिकेच्या थेबे मागुगू याने २०१९ साली फ्रान्सचा मानाचा एलव्हीएमएच पुरस्कार मिळवला. नायजेरियातल्या लागोस शहरात २०११ पासून दरवर्षी फॅशनचा सप्ताह भरतो आणि जगभरचे खरेदीदार तिथे येतात. घानाच्या 'केंते' या हातमागाच्या कापडाच्या कसबाला २०२४ साली युनेस्कोने जगाच्या वारशात मान दिला. हुन्नर आहे आणि गिऱ्हाईकही आहे. तरुणांची एवढी मोठी लोकसंख्या दुसऱ्या कोणत्या खंडात वाढते आहे? मग अडले कोठे?

पहिली अडचण शेत आणि माग यांच्यामधली. या देशांत पिकलेल्या कापसाच्या शंभर गाठींतल्या जेमतेम दोन-चार गाठींचे सूत तिथे होते. बाकीच्या गाठी बांगलादेशात, चीनमध्ये, व्हिएतनाममध्ये, काही आपल्या देशातल्या गिरण्यांतही येतात. लागोसचा किंवा डाकारचा शिंपी चांगले कापड शोधू लागला की त्याला ते परदेशातून आणावे लागते. एवढेच काय, ज्या रंगीबेरंगी छापील कापडाला सारे जग 'आफ्रिकी कापड' म्हणून ओळखते, ते मुळात जावा बेटावरच्या बाटिकची नक्कल म्हणून हॉलंडच्या कारखान्यांत तयार झाले. त्यात नावाजलेली व्लिस्को ही कंपनी १८४६ सालची. टोगोच्या लोमे शहरातल्या बाया या कापडाचा व्यापार करून इतक्या पुढे गेल्या की त्यांच्या मर्सिडीज गाड्यांवरून लोक त्यांना 'नाना बेंझ' म्हणू लागले. पुढे चीनहून त्या कापडाची स्वस्त नक्कल आली आणि त्यांचाही धंदा बसला. नाव आफ्रिकेचे, नक्षी जावाची, नफा हॉलंडचा आणि नंतर चीनचा. कापूस पिकवणारा या हिशोबात कोठेच नाही.

दुसरी अडचण आपल्या चांगल्या ओळखीची आहे. या देशांत शेतकऱ्याचा कापूस वर्षानुवर्षे एकच कंपनी घेत आली. फ्रेंचांच्या राज्यात घातलेली ही घडी स्वातंत्र्यानंतर सरकारी शिक्का मारून चालू राहिली. मालीत सीएमडीटी, बुर्किनात सोफीटेक्स. बियाणे आणि खत कंपनीने उधारीवर द्यायचे, भाव कंपनीने ठरवायचा, चुकारा कंपनीच्या सवडीने. १९७२ पासून एकाधिकार खरेदी भोगलेल्या महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला यापुढे काही समजावून सांगण्याची गरज नाही. मालीच्या शेतकऱ्यांनी मात्र एक गोष्ट करून दाखवली. कमी भाव आणि कंपनीतला भ्रष्टाचार यांना कंटाळून २००० साली हजारो शेतकऱ्यांनी कापूस पेरलाच नाही. देशाचे कापसाचे पीक निम्म्यावर आले. मग सरकार बोलणी करायला आले. राजधानीतल्या शहाण्यांना कापूस कोठून येतो हे त्या वर्षी समजले.

शेतकऱ्याला न विचारता वरून घेतलेल्या निर्णयाचा आणखी एक दाखला बुर्किनाचा आहे. २००८ साली तिथे बीटी बियाणे मोठ्या प्रमाणावर आले. बोंडअळी आटोक्यात आली, फवारण्या कमी झाल्या. पण त्या वाणांचा धागा आखूड निघू लागला आणि बाजारात बुर्किनाच्या रुईचा दर्जा घसरला. शेवटी २०१६ च्या सुमारास कंपन्यांनी ते बियाणे मागे घेतले. दोष तंत्रज्ञानावर ढकलून मोकळे होता येणार नाही. चांगला लांब धागा देणाऱ्या वाणात ते नीट बसवण्याचे काम पुरते झाले नाही, याचा हा परिणाम. उंची कापडाची सुरुवात धाग्यापासून होते. आणि धागा कसा हवा हे ठरवताना शेतकरी आणि कापडवाला एका खोलीत बसलेले नसतात.

तिसरी अडचण गिरण्यांची. नायजेरियात १९८० च्या दशकात दीडशेहून अधिक कापड गिरण्या होत्या. कडुना हे शहर तर गिरण्यांचेच. तिथली पहिली मोठी गिरणी १९५७ साली सुरू झाली, शेवटची मोठी गिरणी २००७ साली बंद पडली. आपल्या नागपूरची १८७७ सालची एम्प्रेस मिल ज्यांनी बंद पडलेली पाहिली, त्यांना कडुनाचे कामगार कसे राहिले असतील हे सांगायला नको. कोणी म्हणेल, परदेशी कापडावर बंदी घातली असती तर गिरण्या वाचल्या असत्या. नायजेरियाने बंदी घातलीच होती. परदेशी कापडावर घातली, जुन्या कपड्यांवर घातली. माल शेजारच्या बेनिनमधून चोरवाटेने येत राहिला. गिरणीत दिवसातले कित्येक तास वीज नसे, तेल जाळून यंत्रे चालवावी लागत, कर्जावरचे व्याज पेलवत नसे. बंदीने वीज येत नाही. बंदीने फक्त नाक्यावरच्या शिपायाचे खिसे भरतात.

चौथी गोष्ट जुन्या कपड्यांची. युरोप-अमेरिकेत लोक दोन-चार वेळा घालून टाकलेले कपडे गठ्ठे बांधून आफ्रिकेत पाठवतात. घानाच्या अक्रा शहरात कांतामांतो नावाचा बाजार आहे. तिथे काम करणाऱ्या संस्थांच्या अंदाजाप्रमाणे आठवड्याला दीड कोटी कपडे त्या बाजारात येतात. घानाचे लोक त्यांना 'मेलेल्या गोऱ्याचे कपडे' म्हणतात. १ जानेवारी २०२५ च्या रात्री त्या बाजाराला आग लागली आणि हजारो दुकानदारांची जमापुंजी गेली. या धंद्यात आपला देशही आहे. गुजरातेतल्या कांडल्याच्या निर्यात क्षेत्रात परदेशी जुने कपडे येतात, आपल्या बाया ते निवडतात, आणि त्यातले पुष्कळसे पुढे आफ्रिकेत जातात.

पूर्व आफ्रिकेच्या देशांनी २०१६ साली ठरवले की तीन वर्षांत हे जुने कपडे बंद करायचे. अमेरिकेने डोळे वटारले. तुमच्या शिवलेल्या मालाला आमच्या बाजारात दिलेली करमाफी काढून घेऊ, म्हणाले. केनियाने माघार घेतली. रवांडाने जकात किलोला वीस सेंटवरून अडीच डॉलर केली होती, ती मागे घेतली नाही. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेने रवांडाच्या कपड्यांची सवलत काढून घेतली. इथे आम्ही स्पष्ट बोलतो. गरिबाने स्वस्त कपडा घेऊ नये असे सांगण्याचा अधिकार कोणाला नाही, आणि बंदी हा मार्ग आम्हाला पटत नाही. पण खुल्या व्यापाराचे पाठ देणाऱ्याने आपल्या चिंध्या घ्यायला दुसऱ्याला धमकावणे, याला खुला व्यापार म्हणता येणार नाही. ती सावकारी झाली.

ही सावकारी कापसातही आहेच. २००१-०२ च्या सुमारास अमेरिकेचे सरकार आपल्या पंचवीस हजारांच्या आसपास कापूसवाल्यांना वर्षाला तीन अब्ज डॉलरच्या घरात अनुदान देत होते. त्याच्या जोरावर त्यांची रुई जगाच्या बाजारात कमी भावाने ओतली जाई. २००३ साली आफ्रिकेच्या त्या चार देशांनी मेक्सिकोतल्या कानकूनच्या व्यापार परिषदेत सांगितले, आम्हाला मदत नको, ही अनुदाने थांबवा. ती परिषद मोडली. ब्राझीलने दावा लावला आणि जिंकला. २०१४ साली अमेरिकेने तीस कोटी डॉलर देऊन ब्राझीलशी मिटवून घेतले. मालीच्या शेतकऱ्याच्या हाती काय आले? त्याच्याकडे दावा चालवायला वकील नव्हते.

एवढे असूनही आशा धरण्यासारखे पुष्कळ आहे. बुर्किनात थॉमस संकारा १९८३ ते १९८७ सत्तेवर होते. देशाच्या कापसाचे, देशातल्या बायांनी विणलेले 'फासो दान फानी' हे कापड सरकारी नोकरांनी घातलेच पाहिजे असा त्यांनी दंडक घातला. १९८७ साली अदिस अबाबाच्या परिषदेत तेच कापड अंगावर घालून ते बोलले. विचार स्वाभिमानाचा होता, पण दंडक होता. संकारा मारले गेले आणि दंडक गेला, तसे कापडही मागे पडले. गेल्या दहा-पंधरा वर्षांत तेच कापड पुन्हा वर आले, ते तरुणांना आवडले म्हणून आणि चांगल्या शिंप्यांनी त्याला नवे रूप दिले म्हणून. सक्तीने जे टिकले नाही ते आवडीने टिकते आहे. विणणाऱ्या बायांच्या हाती त्यातून रोख पैसा येतो.

बेनिनने कोटोनू शहराजवळ ग्लो-जिग्बे येथे औद्योगिक वसाहत उभारली आणि तिथे सुतापासून शिवलेल्या कपड्यापर्यंतचे कारखाने सुरू केले. तिथला माल अमेरिकेला जाऊही लागला. परक्याच्या मेहेरबानीवर मात्र विसंबता येत नाही. अमेरिकेची ती करमाफीची योजना २००० सालची. ३० सप्टेंबर २०२५ ला तिची मुदत संपली आणि लेसोथोपासून केनियापर्यंतच्या शिवणकाम करणाऱ्या बायांच्या जिवाला घोर लागला. त्यापेक्षा १ जानेवारी २०२१ पासून आफ्रिकेच्या देशांनी आपापसात सुरू केलेला मुक्त व्यापार हा जास्त भरवशाचा रस्ता आहे. मालीची रुई, घानाचे माग, लागोसची शिलाई आणि नैरोबीचे गिऱ्हाईक, यांच्यामध्ये जकातीची नाकी नसावीत. फॅशनला मोठी बाजारपेठ लागते, आणि ती त्यांच्या घरातच आहे.

पण एक इशारा. फॅशन वाढली म्हणजे कापसाचा भाव आपोआप वाढतो, असे नाही. आपल्या देशाला सुताची, कापडाची, शिलाईची कमतरता कधी होती? तरी शेतकऱ्याच्या गळ्याचा फास सुटला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये गिरण्यांची सोय म्हणून केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत उठवले. तेव्हा आपल्याकडे वेचणी तोंडावर आली होती. मालीचा शेतकरी आपला वैरी नाही. त्याच्या भावावर आणि आपल्या भावावर तीच अनुदाने आणि तोच सरकारी हात बसलेला आहे.

म्हणून आफ्रिकेच्या फॅशनचे भाषण करणाऱ्यांना आमचे तीन प्रश्न आहेत. शेतकऱ्याला आपला कापूस हव्या त्या गिऱ्हाइकाला विकता येतो का? गावाजवळच्या जिनाला आणि सूतगिरणीला अखंड वीज आणि परवडणारे कर्ज मिळते का? आणि सदरा महाग विकला गेला तर रुईच्या दर्जाप्रमाणे वाढीव भाव शेतापर्यंत येतो का? तिन्हींचे उत्तर 'हो' आले तर बामाकोची आणि लागोसची फॅशन खऱ्या अर्थाने आफ्रिकेची होईल.

अमरावतीजवळ नांदगाव पेठला मोठ्या वस्त्रोद्योग पार्कची कोनशिला सप्टेंबर २०२४ मध्ये बसली. जिल्हा बैठकीत त्याचा विषय निघेल तेव्हा हेच तीन प्रश्न आपण विचारू. कारखान्याची जागा आपल्या जिल्ह्यात आहे, एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही.