दोष आईचा, गल्ला कोणाचा?

‘आईचं लक्ष नाही, म्हणून पोरगं वाया गेलं.’ वस्तीत काम करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की आता ते मला शिवीसारखं वाटतं. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा पिऊन पडला की शाळा, पोलीस, नातेवाईक सगळे आईलाच बोलावतात. बापाला कोणी विचारत नाही. मुलगी प्यायली असेल तर आईबरोबर तिचीही अब्रू चव्हाट्यावर येते. ज्याने बाटली विकली, त्याचं मात्र नावही निघत नाही.

या वयातलं पिणं म्हणजे नुसता वाह्यातपणा नव्हे. पुढचा विचार करणारा, स्वतःला आवरणारा मेंदूचा कपाळामागचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. मजा आणि थरार शोधणारा भाग मात्र आधीच जोरात असतो. म्हणून मित्रांनी डिवचलं की ‘नको’ म्हणणं जड जातं. मोठ्या माणसाला झोप येते, तोल जातो, तो थांबतो. मुलांना ही खूण उशिरा कळते, त्यामुळे ती एका बैठकीत जास्त पितात. आठवणी साठवणाऱ्या भागाला याची झळ बसते. आदल्या रात्रीचं काहीच न आठवणं ही मर्दानगी नाही, मेंदूने खाल्लेला मार आहे. आणि पंधराच्या आत सुरुवात झाली, तर पुढे व्यसन जडण्याचा धोका कितीतरी वाढतो.

एका बाजूला असा अर्धा घडलेला मेंदू आणि दिवसभर चार घरची धुणीभांडी करून दमलेली आई. दुसऱ्या बाजूला दुकानदाराचा गल्ला आणि सरकारी तिजोरीत पडणारं उत्पादन शुल्क. हा सामना बरोबरीचा आहे का?

महाराष्ट्रात बीअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार १८ वर्षांखालच्या मुलाला दारू देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे कायदा देणाऱ्याला धरतो, समाज आईला!

मैत्रिणींनो, १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली ती लोकांच्या रेट्याने. गावागावांत बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली. नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध उभा राहिलेला हा लढा आता मुलांपर्यंत न्यायला हवा. मुलाला दारू विकली गेली, तर चार-पाच जणींनी मिळून पोलीस ठाण्यात जाऊ या आणि कलम ७७ चं नाव घेऊनच तक्रार नोंदवायला लावू या. मुलाला आरोपीसारखं उभं करू नये, त्याला समुपदेशकाकडे न्यावं. शाळेने पालकसभेला बापांनाही बोलवावं, असा आग्रह धरू या.

आणि यापुढे कोणी विचारलं, ‘आई काय करत होती?’ तर उलट विचारायचं, ‘विकणारा काय करत होता?’