नळाच्या पाण्यातला शेजाऱ्याचा वाटा



गेल्या काही वर्षांत आपल्या गावागावांत गल्ल्या खोदल्या गेल्या, नवे पाइप पडले, उंच टाक्या उभ्या राहिल्या. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने खेड्यातल्या प्रत्येक घरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर शुद्ध पाणी हे उद्दिष्ट ठेवले. शहरांसाठी आणि नगरपंचायतींच्या छोट्या गावांसाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये अमृत २.० ही योजना आली. कुठे काम पुरे झाले, कुठे अजून रखडले आहे. पण जिथे नळ दारात आला, तिथल्याही आया विचारतात, "पाणी आले, मग पावसाळा लागला की पोरांना जुलाब आणि कावीळ का होते?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर बहुतेक वेळा टाकीत नसते, टाकीपासून आपल्या नळापर्यंतच्या वाटेत असते.

नदीतून किंवा धरणातून आलेल्या पाण्यात तुरटी मिसळतात, गाळ खाली बसू देतात, पाणी वाळूच्या गाळणीतून काढतात आणि शेवटी क्लोरीन देतात. विहिरीचे पाणी असेल तर बहुतेक छोट्या गावांत टीसीएल पावडर टाकून काम भागवतात. एवढे झाले की पाणी टाकीत चढते आणि पाइपांतून घरोघर उतरते. आता आपल्याकडे पाणी येते दिवसातून एक-दोन तास, कुठे दिवसाआड. बाकीचा वेळ पाइप रिकामा. आपल्या अरुंद गल्ल्यांत तो पाइप पुष्कळदा गटारालगत किंवा गटारातूनच गेलेला असतो. पाणी जोरात वाहत असते तेव्हा ते फटीतून बाहेर गळते. पाणी बंद झाले, दाब उतरला, की त्याच फटीतून बाहेरची घाण आत शिरते. दुसऱ्या दिवशी नळाला पहिले पाणी येते ते ही घाण घेऊनच.

यात आपण आणखी एक भर घालतो. नळालाच थेट मोटर जोडतो. मोटर पाणी ओढते तसा पाइपमधला दाब आणखी घटतो आणि गटाराचे पाणी खेचले जाते. शिवाय गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या घराची हंडाभर पाण्याचीही पंचाईत होते. तिथे बहुधा भाड्याने राहणारे कुटुंब असते, नाहीतर एखादी विधवा. तिच्याकडे मोटर नसते. आमच्या गच्चीवरची टाकी भरून वाहते आणि तिचा नळ नुसती हवा सोडतो.

याला आपण "सगळेच लावतात" म्हणून सोडून देतो. पण हा हुकूकुल इबादचा, म्हणजे माणसांच्या हक्कांचा प्रश्न आहे. नमाजीत कसूर झाली तर बंदा अल्लाहकडे तौबा करू शकतो. शेजाऱ्याचा हक्क मारला तर तो त्यालाच परत करावा लागतो. ज्या पाण्याने आपण वजू करतो, ते शेजारणीच्या वाट्याचे ओढलेले असेल तर काय, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

मदीन्यातील रूमा विहिरीची हकीकत आपण मुलांना सांगतो. गोड पाण्याची ती विहीर खासगी मालकीची होती, पाणी विकत घ्यावे लागे, गरिबांचे हाल होत. प्रेषित (स.) यांनी ती विकत घेऊन लोकांसाठी खुली करणाऱ्याला जन्नतची खुशखबर दिली आणि हजरत उस्मान (रजि.) यांनी ती घेऊन वक्फ केली. या हकीकतीतला एक बारकावा आपल्याकडून निसटतो. रिवायतीत येते की, विकत घेणाऱ्याची बादलीही इतर मुसलमानांच्या बादल्यांबरोबरीनेच विहिरीत पडायची होती. ज्याने पदरचा पैसा घातला, त्यालाही इतरांपेक्षा जास्त हक्क नाही! आपण तर महिन्याची पाणीपट्टीही थकवतो आणि मोटर लावतो.

दुसरी गोष्ट क्लोरीनची. पाण्याला "औषधाचा वास" आला की आपण तक्रार करतो. दोन-चार घरांनी कुरकुर केली की पाणी सोडणारा पावडर कमी टाकतो आणि गाव खूश होते. प्रत्यक्षात तो मंद वास संरक्षणाची खूण आहे. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात, अगदी शेवटच्या घरापर्यंत, लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवे. वाटेत थोडी घाण शिरलीच तर हे शिल्लक क्लोरीन तिच्याशी झगडते. साधारण १००० लिटरला ५ ग्रॅम चांगली टीसीएल पावडर लागते. म्हणजे एक लाख लिटरच्या टाकीला सुमारे अर्धा किलो. पावडर मिसळल्यावर पाणी निदान अर्धा तास थांबवून मग सोडायचे असते. पोते उघडे, दमट जागी पडून राहिले तर पावडरीचा जोर उतरतो. मग ती टाकली काय आणि न टाकली काय, सारखेच.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टची बाटली असते. नळाचे थोडे पाणी घेऊन दोन थेंब टाकायचे; पिवळी छटा आली तर क्लोरीन आहे, पाणी तसेच राहिले तर नाही. ही चाचणी टाकीखालच्या नळावर करून भागत नाही, गल्लीच्या शेवटच्या नळावर करावी लागते. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे, आणि गावच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. या जागांवर आपल्या किती भगिनी आहेत? घरात पाणी भरणारी ती, आजारी मुलाच्या उशाशी बसणारी ती, आणि समितीत मात्र तिचे नाव फक्त कागदावर, हे चालणार नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. पाइप सरकार टाकते, पण पंपाचे वीजबिल, पावडर, गळतीची दुरुस्ती आणि पाणी सोडणाऱ्याचा पगार हे पाणीपट्टीतून भागवायचे असते. वीजबिल थकून बंद पडलेल्या योजना आपल्या राज्यात थोड्या नाहीत. उलट सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या मलकापूरने छोटे गाव असूनही मीटर बसवले, वापराप्रमाणे बिल घेतले आणि चोवीस तास पाणी दिले. सतत दाब असला की पाइपात घाण शिरायला वाव उरत नाही, घरात पाणी साठवून ठेवण्याची आणि मोटरची गरज राहत नाही, आणि मीटरमुळे नासाडीही आवरते.

आपल्या समाजात पाणी पाजण्याच्या सवाबाची मोठी ओढ आहे. मर्हूम आईवडिलांच्या नावाने लोक मशिदीत कूलर बसवतात, बोअर मारून देतात. हजरत साद बिन उबादा (रजि.) यांनी आपल्या आईसाठी विहीर केली होती, त्यामुळे ही परंपरा मोलाचीच आहे. पण बंद पडलेले कूलर आणि आटलेले बोअरही आपण पाहतो. सदका-ए-जारिया म्हणजे जारी राहणारा सदका. दुरुस्ती थांबली की तो जारी कसा राहणार? म्हणून एखाद्या भावाने नव्या कूलरऐवजी गल्लीतला गटारातून गेलेला पाइप ग्रामपंचायतीच्या परवानगीने बदलून दिला, एखाद्या गरीब घराची थकलेली पाणीपट्टी भरली, तर तोही पाणी पाजण्याचाच सवाब समजावा. मात्र हनफी उलमांच्या मते जकातीची रक्कम गरजूच्या मालकीत जावी लागते. पाइप-टाकीसाठी नफल सदका किंवा लिल्लाह रक्कम वापरावी आणि शंका असल्यास आपल्या आलिमांना विचारावे.

या महिन्यात एवढे करू या. नळाची थेट मोटर काढावी. गच्चीवर पाणी चढवायचेच असेल तर आधी खालच्या टाकीत भरून तिथून चढवावे. नळ आल्यावर पहिले गढूळ पाणी पिण्याच्या हंड्यात घेऊ नये. हंडे आणि टाकी झाकावी, रात्री भांडी झाकून ठेवण्याची शिकवण प्रेषितांनी (स.) दिलीच आहे. गल्लीत साथ असेल तर पाणी उकळून प्यावे. मशिदीच्या वजूखान्यातले गळके नळ दुरुस्त करावेत, प्रेषित (स.) एका मुदमध्ये, म्हणजे लिटरभराहूनही कमी पाण्यात, वजू करत. आणि पुढच्या ग्रामसभेत भगिनींनी दोन प्रश्न जरूर विचारावेत : शेवटच्या नळावर ओटी टेस्ट कधी झाली, आणि आपल्या गावाला पाण्याचे कोणते कार्ड मिळाले आहे, लाल, पिवळे की हिरवे?

अल्लाह आपल्याला आपल्या वाट्यापुरतेच घेण्याची आणि शेजाऱ्याचा वाटा त्याच्यापर्यंत पोहोचू देण्याची तौफीक देवो. आमीन.