ज्यांना मत नाही, त्यांच्या भाकरीवर पहिली कात्री

ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने २०१९ च्या जाहीरनाम्यात शब्द दिला होता: राष्ट्रीय उत्पन्नाचा ०.७ टक्के हिस्सा गरीब देशांच्या मदतीसाठी कायम ठेवू. निवडणूक जिंकली. वर्ष उलटायच्या आत, नोव्हेंबर २०२० मध्ये, कोविडचे कारण सांगून तो हिस्सा ०.५ वर आणण्याची घोषणा झाली. जुलै २०२१ मध्ये संसदेने ३३३ विरुद्ध २९८ मतांनी त्यावर शिक्का मारला. मग स्वतःला कामगारांचा म्हणवणारा लेबर पक्ष आला. आर्थिक परिस्थिती सुधारताच ०.७ वर परत जाऊ, असे त्याच्या २०२४ च्या जाहीरनाम्यात होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच पक्षाचे पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी हा हिस्सा २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर नेण्याचे जाहीर केले. वाचलेला पैसा संरक्षण खर्चाला. मदत खात्याच्या मंत्री अ‍ॅनेलीस डॉड्स यांनी राजीनामा दिला, पण निर्णय हलला नाही.

आमचे काही मित्र म्हणतील, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! गावात स्मशानभूमीसाठी भांडावे लागते आणि तुम्ही ब्रिटनचा हिशेब घेऊन बसलात? मित्रांनो, हा हिशेब नीट पाहा. त्यात आपलाच हिशेब दिसेल.

०.७ टक्क्यांसाठी ब्रिटनमध्ये २०१५ पासून कायदा आहे. तरीही कपात झाली. कारण या कायद्यात शिक्षा नाही. उद्दिष्ट चुकले तर मंत्र्याने संसदेत निवेदन ठेवायचे, संपले! दुसरे कारण त्याहून मोठे आहे. मलावीतली आई किंवा येमेनमधले उपाशी मूल ब्रिटनमध्ये मतदान करत नाही. त्यांचा घास काढल्याने एकही जागा पडत नाही. म्हणून तिजोरीत खडखडाट झाला, की पहिली कात्री तिथेच लागते.

कात्री लावूनही आकडा फुगवता येतो. ब्रिटनमध्ये आलेल्या निर्वासितांच्या निवाऱ्याचा खर्च 'परदेशी मदत' म्हणून धरला जातो. २०२३ मध्ये एकूण मदतीचा चौथ्या हिश्श्याहून जास्त पैसा असा ब्रिटनमध्येच खर्च झाला. निर्वासितांना छप्पर मिळालेच पाहिजे, पण ते गरीब देशांच्या वाट्यातून का? आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरे काय!

अमेरिकेत तर उघड प्रचारच झाला. ट्रम्प सरकारने जानेवारी २०२५ मध्ये परदेशी मदत गोठवली आणि १ जुलैला यूएसएआयडी परराष्ट्र खात्यात विलीन करून टाकली. आफ्रिकेत एचआयव्हीच्या उपचारांची साखळी विस्कळीत झाली. त्याच फेब्रुवारीत 'भारतातल्या मतदानासाठी' दोन कोटी दहा लाख डॉलर ठेवल्याची बातमी आली. भाजपने काँग्रेसवर बोट रोखले, काँग्रेसने श्वेतपत्रिका मागितली. पुढे 'इंडियन एक्सप्रेस'ने ही रक्कम बांगलादेशासाठी असल्याचे दाखवले. या साऱ्या गदारोळात औषध थांबलेल्या रुग्णाबद्दल कोण बोलले?

परदेशी मदत म्हणजे साम्राज्यवाद, बंद पडली ते बरेच झाले, असे म्हणणारे आपल्यातही आहेत. लुटणाऱ्यांनीच दाता म्हणून मिरवावे, याची चीड आम्हालाही आहे. पण औषधाची गोळी थांबल्याने साम्राज्यवाद मरत नाही, रुग्ण मरतो. प्रश्न मदत हवी की नको हा नाही. ती कोणाच्या हातात आहे, हा आहे.

हा प्रश्न बाबासाहेबांनी १९३२ मध्येच विचारला होता. पुणे करारानंतर अस्पृश्यता निवारणासाठी संस्था निघाली, तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, सचिव ठक्कर बाप्पा. गोलमेज परिषदेला जाताना बाबासाहेबांनी बोटीवरून ठक्करांना सविस्तर पत्र लिहिले. निवडक लोकांचे भले करत बसण्यापेक्षा विहिरी, शाळा, गावातला वावर या नागरी हक्कांसाठी झगडा, असे त्यांनी सुचवले. ते मानले गेले नाही. अस्पृश्यांनी कारभारात प्रतिनिधित्व मागितले, तर उत्तर मिळाले की हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे. म्हणजे पैसा त्यांचा, निर्णय त्यांचा आणि पुण्यही त्यांचेच! १९४५ च्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी या दयेचा पंचनामाच केला आहे.

आता महाराष्ट्रात या. अनुसूचित जाती उपयोजना ही कोणाची मेहरबानी नाही. सर्वसाधारण योजनांतून आपला वाटा मिळत नव्हता, म्हणून १९७९-८० पासून लोकसंख्येच्या प्रमाणात वेगळा निधी ठेवण्याचे धोरण आले. २०२५ मध्ये याच सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. विभागाचे मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. सरकार म्हणते, पैसा अनुसूचित जातींच्या महिलांनाच जातो. आमचे उत्तर सरळ आहे. या बहिणी राज्याच्या नागरिक आहेत. सर्वांसाठीच्या योजनेत त्यांचा हप्ता सर्वसाधारण तिजोरीतून आला पाहिजे. वसतिगृहाचा आणि शिष्यवृत्तीचा पैसा त्यांच्या नावावर दाखवणे ही ब्रिटनचीच हातचलाखी आहे.

नुसत्या कायद्यानेही भागत नाही. कर्नाटकात २०१३ पासून उपयोजनेचा कायदा आहे, तरी तिथे गॅरंटी योजनांकडे हा निधी वळवला गेलाच. म्हणून आमची मागणी दात असलेल्या कायद्याची आहे. निधी वळवणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा हवी. अखर्चित रक्कम पुढच्या वर्षी त्याच कामासाठी राहिली पाहिजे. देखरेख समितीत आपले प्रतिनिधी हवेत आणि जिल्हानिहाय हिशेब लोकांसमोर मांडला गेला पाहिजे.

मलावीच्या आईकडे ब्रिटनमध्ये मत नाही. आपल्याकडे इथे आहे, बाबासाहेबांनी ते संविधानात कोरून दिले आहे. तरीही आपला निधी पळवणाऱ्याला एकदाही निवडणुकीत त्याची किंमत मोजावी लागली नसेल, तर दोष कोणाला द्यायचा? पुढच्या निवडणुकीत वस्तीत येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, निळा गमछा घालून येणाऱ्यालाही, विचारा: उपयोजनेच्या कायद्याला पाठिंबा देणार का? लेखी द्या. आणि तो कागद जपून ठेवा.

जय भीम!