ताप उतरला म्हणजे सुटलो, हा भ्रम सोडा

दुष्काळी बीडमध्ये नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी पिंपं भरलेली. डेंग्यूचा डास त्यातच वाढतो. मग कुणी दगावलं की आपण म्हणतो, ‘नशिबात होतं.’ नाही! बऱ्याचदा जीव घेतो तो उशीर.

खरा धोका ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी असतो. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, रक्तदाब कोसळतो. अब्बांना मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर धोका आणखी मोठा. पोटात खूप दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, बेचैनी दिसली की प्लेटलेटच्या आकड्याची वाट पाहू नका. जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वाराती गाठा.

दोस्तांनो, पिंपं झाका, आठवड्याला घासा. आणि नगर परिषदेला जाब विचारा: पाणी रोज का नाही?