साक्ष लिहून कोण घेणार?

बेळगावच्या हिंदवाडीत गुरुदेव रानडे मंदिरावरून जाणारा मनुष्य, मग तो मराठी बोलणारा असो वा कन्नड, क्षणभर थांबून हात जोडतो, आणि त्यात वावगे काहीच नाही. परंतु ज्यांना उद्देशून हे हात जुळतात ते रामचंद्र दत्तात्रेय रानडे निंबाळच्या आश्रमातील साक्षात्कारी पुरुष होते तसेच फर्ग्युसन महाविद्यालयात व पुढे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकविणारे, हेराक्लायटससारख्या ग्रीक तत्त्ववेत्त्यावर निबंध लिहिणारे आणि १९२६ साली उपनिषदांतील विचारांची चिकित्सक मांडणी इंग्रजी ग्रंथातून जगापुढे ठेवणारे प्राध्यापकही होते, ही गोष्ट बहुधा त्याच्या गावीही नसते. जमखंडीसारख्या संस्थानी गावात १८८६ साली जन्मलेल्या आणि महाराष्ट्रातील, कर्नाटकातील व हिंदी प्रांतांतील संतांवर सारख्याच आस्थेने लिहिणाऱ्या या पुरुषाला आपण देव्हाऱ्यात नेऊन बसविले आणि त्याच्या वर्गाचे दार मात्र बाहेरून लावून घेतले. तत्त्वज्ञान म्हणजे अध्यात्म, आणि अध्यात्म म्हणजे निवृत्तिवेतन सुरू झाल्यानंतरचा विषय, अशी जी समजूत आपल्या समाजात रूढ झाली आहे, तिने आपले फार मोठे नुकसान केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे नुकसान केवळ पुस्तकी नाही, हे मला माझ्या चुलत्यांमुळे कळले.

पिरनवाडीच्या फाट्यावर रस्त्याला दोन वाटा फुटतात. एक खानापूरकडे जाते आणि दुसरी जांबोटीवरून चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात उतरते. या फाट्यापासून काही अंतरावर आमचे थोडके शेत आहे, आणि त्याच्या पूर्वेकडच्या बांधाविषयी काही वर्षांपूर्वी तंटा उपस्थित झाला असता माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सारे आप्पा म्हणतो, मला बरोबर घेऊन एका कचेरीत गेले. कचेरी कोणती हे सांगण्याचे प्रयोजन नाही. आप्पांनी त्या दिवशी ठेवणीतले धोतर नेसले होते, आणि आजोबांच्या वेळचा मोडी लिपीतला एक कागद, घडीवर फाटू नये म्हणून पुठ्ठ्यात घालून वर सुतळीने बांधलेला, दोन्ही हातांनी धरून ते उभे होते. चिंचेच्या बुंध्यापासून नाल्यापर्यंत बांध कसा जात होता, पुरात तो कोणत्या साली वाहून गेला आणि तो पुन्हा घालताना शेजारचा खातेदार स्वतः फावडे घेऊन कसा आला होता, हे सारे त्यांनी सावकाश, आपल्या मराठीत सांगितले. समोरच्या कारकुनाने ते संपेपर्यंत मान वर केली नाही. नंतर माझ्याकडे वळून त्याने कन्नडमधून विचारले, की उताऱ्याची नक्कल आणली आहे काय. जणू आप्पा तेथे नव्हतेच.

परतताना गाडीत बराच वेळ ते गप्प होते. मच्छे मागे पडल्यावर म्हणाले, "खोटं हाय म्हणाला असता तरी चाललं असतं रे. त्यानं लिवूनच घेतलं न्हाई बघ."

आप्पांना जो भेद दिसला तो सूक्ष्म आहे. एखाद्याची जबानी ऐकून, तोलून ती अग्राह्य ठरविणे ही एक गोष्ट. आणि जबानी देण्यास पात्र असलेल्या मनुष्यांत त्याची गणनाच न करणे ही सर्वस्वी दुसरी गोष्ट. आप्पांची स्मृती चुकत असेल. चाळीस वर्षांपूर्वीचा बांध मनुष्य हातभर इकडेतिकडे आठवू शकतो, आणि मोजणीअंती निकाल आमच्याविरुद्धही जाऊ शकला असता. त्याचे दुःख मला झाले नसते. माझी तक्रार निराळी आहे, आणि तिला नाव काय द्यावे हे मला त्या वेळी माहीत नव्हते.

ते नाव मला पुढे मिराण्डा फ्रिकर या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सापडले. ऐकणाऱ्याच्या मनातील पूर्वग्रहामुळे बोलणाऱ्याच्या शब्दाला त्याच्या योग्यतेपेक्षा कमी मोल मिळते, तेव्हा त्याचा जो अवमान होतो तो जाणता म्हणून होतो, आणि जाणणे हे तर माणसाच्या माणूसपणाचेच अंग आहे. म्हणून या अन्यायाला पैशाच्या वा जमिनीच्या अन्यायाहून वेगळे स्थान दिले पाहिजे, असे त्या प्रतिपादन करतात. मराठीत आपण याला 'साक्षिविषयक अन्याय' म्हणू. ज्ञानमीमांसा आणि नीतिशास्त्र ही दोन शास्त्रे विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात दोन वेगळ्या कागदांवर शिकविली जात असली तरी आप्पांच्या जबानीपाशी ती एकत्र येतात.

यात आपल्याला परके वाटावे असे काय आहे? पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाने दुसऱ्याच्या शब्दावरून मिळणाऱ्या ज्ञानाकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केले. ज्ञान म्हणजे ज्याने त्याने स्वतः पाहिलेले किंवा तर्काने काढलेले, अशीच लॉकपासूनची सर्वसाधारण धारणा होती, आणि सी. ए. जे. कोडी यांनी १९९२ साली साक्ष या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिल्यानंतरच तेथे या चर्चेला खरा जोर चढला. आपल्याकडे मात्र न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान व उपमान यांच्या जोडीला शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानले, आणि ऑक्सफर्डमध्ये अध्यापन करणाऱ्या बिमलकृष्ण मतिलाल यांच्यासारख्यांनी हा वारसा आधुनिक चर्चेत नेऊन पोचविला. ज्याला वस्तू साक्षात ज्ञात आहे आणि जशी ज्ञात आहे तशी ती सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने पुढे स्पष्ट म्हटले आहे, की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखेच लागू पडते. दीड हजार वर्षांपूर्वीच्या या एका वाक्यात केवढे औदार्य आहे! कुल, वेष, भाषा यांपैकी काहीही त्या लक्षणात नाही. फ्रिकरबाईंनी यात भर घातली ती अशी, की आप्त कोण हे लक्षणाने ठरले तरी समोर उभा असलेला आप्त आपल्याला दिसत का नाही, याचे उत्तर सत्तेच्या व्यवहारात शोधावे लागते. ही भर वात्स्यायनापाशी नाही, आणि ती आपण कृतज्ञतेने घेतली पाहिजे.

येथे एक गोष्ट न लपविता सांगितली पाहिजे. हाच अन्याय जत वा अक्कलकोट तालुक्यातील कन्नड बोलणाऱ्या म्हाताऱ्याच्या वाट्यालाही मराठी कचेरीत येऊ शकतो. आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? आमच्याच भावकीच्या बैठकीत वाटणीचा विषय निघाला तेव्हा माझ्या आत्याने काही सांगण्यास तोंड उघडले आणि कोणीतरी तिला चहा ठेवण्यास आत पाठविले. तिला काय ठाऊक होते ते आजतागायत कोणी विचारलेले नाही. मीही त्या बैठकीत होतो आणि मीही विचारले नाही.

फ्रिकर आणखी एका अन्यायाचे वर्णन करतात, आणि सीमाभागाच्या दृष्टीने मला तो अधिक भयावह वाटतो. जे सोसावे लागते त्याला समाजाच्या शब्दसंग्रहात नावच नसल्यामुळे सोसणाऱ्याला ते दुसऱ्याला, किंबहुना स्वतःलाही, समजावून सांगता येत नाही. अमेरिकेत १९७५ च्या सुमारास कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाला नाव मिळाले; छळ त्यापूर्वीही होताच, परंतु नोकरी सोडून घरी बसलेली स्त्री आपण ती का सोडली हे सांगू शकत नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, १९६७ साली महाजन आयोगाने अहवाल दिला, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. या साऱ्या काळात आपल्यापाशी 'अन्याय' हा एकच शब्द राहिला आणि मोर्चात उच्चारून उच्चारून त्याची धार गेली. प्रांताची हद्द ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे आणि ते ते करील. पण कचेरीत लिहून न घेतलेल्या जबानीचा दावा कोणत्या न्यायालयात लावावा? त्यासाठी आधी त्या अन्यायाचे नाव आपल्या भाषेत असले पाहिजे, आणि भाषेला अशी नावे पुरविणे हे ज्या शास्त्राचे काम, तेच आपण देव्हाऱ्यात ठेवून दिले आहे.

मराठीत ही सामग्री नाही असे कोणी म्हणू नये. अमळनेरला प्रताप शेठजींच्या उदारतेने १९१६ साली तत्त्वज्ञानाची संस्था उभी राहिली, दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली १९७४ साली मराठी तत्त्वज्ञान-महाकोशाचे तीन खंड निघाले, दि. य. देशपांडे यांनी 'आजचा सुधारक'मधून विवेकवादाची सोपी, काटेकोर मराठी घडविली. मे. पुं. रेगे यांचे कार्य तर मला यांत सर्वांत मोलाचे वाटते. १९८३ साली पुण्यात दया कृष्ण यांच्यासह त्यांनी जो संवाद घडवून आणला, त्यात बर्ट्रांड रसेलची विधानविषयक उपपत्ती परंपरेने शिकलेल्या पंडितांपुढे ठेवण्यात आली आणि पंडितांनी तिची संस्कृतातून चिकित्सा केली. रसेल संस्कृतात तोलता येतो तर फ्रिकर मराठीत का येऊ नये?

कोणी म्हणेल, की ज्या गावातील तरुण सकाळी डबा घेऊन उद्यमबागेतील फौंड्रीत जातात आणि ज्याच्या शेजारी मच्छे येथे प्रचंड तंत्रविद्यापीठ उभे आहे, तेथे हे बुद्धीचे चोचले कोणाला हवेत. या आक्षेपात श्रमिकाविषयी कळवळा दिसतो. मला मात्र त्यात त्याच्या बुद्धीविषयीचा अविश्वासच अधिक जाणवतो. वहिवाट एकाची आणि मालकी दुसऱ्याची असू शकते, म्हणजे जे आहे त्यावरून जे असावे ते निघत नाही, हा भेद आमच्या शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. नाला ही हद्द आणि मोजणीचा दगड ही हद्द यांत फरक आहे, हे तो जाणतो. बॅरी स्मिथ आणि आकिले व्हार्त्सी यांनी नैसर्गिक आणि केवळ निर्णयाने अस्तित्वात आलेल्या सीमांवर २००० साली जो निबंध लिहिला तो त्याला ऐकवून पाहावा. आणि त्याच जांबोटीच्या रस्त्याने पुढे कणकुंबीला, जेथे मलप्रभा उगम पावते आणि जेथल्या कळसा नाल्याच्या पाण्यावरून कर्नाटक व गोवा यांचा वाद चालू आहे, तेथे अजून न जन्मलेल्या माणसांचा पाण्यावर हक्क कसा पोचतो, हा डेरेक पार्फिट यांनी १९८४ साली कठीण करून ठेवलेला प्रश्न वर्गात मांडण्यासाठी दुसरे उदाहरण शोधावे लागणार नाही.

माझी सूचना लहान आहे. दर हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमनी या गावांतून आपण स्वतःच्या वर्गणीवर मराठी साहित्य संमेलने भरवितो. ग्रंथदिंडी निघते, कविसंमेलन होते, कथाकथन होते, आणि हजारो माणसे मांडवात दिवसभर बसून ऐकतात. त्यांत एक सत्र तत्त्वज्ञानाला द्यावे. भाषण नको, प्रवचन तर नकोच. एकच प्रश्न घ्यावा, 'साक्ष कोणाची ग्राह्य?', आणि त्यावर तत्त्वज्ञानाच्या एखाद्या अध्यापकाने, निवृत्त मोजणीदाराने, वाटणीत जिचे ऐकले गेले नाही अशा एखाद्या बाईने आणि एका कन्नड स्नेह्याने मराठीत, आणि अडेल तेथे कन्नडमध्ये, बोलावे. जे बोलले जाईल ते कोणीतरी लिहून घ्यावे. लिहून घेण्याचे काम मी करीन. आप्पा आता थकले आहेत, पण उचगावपर्यंत ते येतील, आणि तो मोडी कागद अजून पुठ्ठ्यात, सुतळीने बांधलेला, त्यांच्या उशाशी आहे.